पिस्टवरचे प्रश्न : नऊ फेऱ्या आणि पंचेचाळीस टच

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्न तलवारबाजीतल्या पुरुषांच्या सांघिक लढतींबद्दल आहेत. पॅरिस ऑलिंपिकमधल्या लढतींच्या चित्रफिती अजूनही पाहिल्या जातात, पण पडद्यावरचा आकडा कसा वाढतो हे कळलं नाही की गंमत जाते. म्हणून हा अंक याच विषयाला दिला आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. नव्या वाचकांसाठी : ईपी, फॉइल आणि सेबर हे तलवारबाजीचे तीन प्रकार, पिस्ट म्हणजे लढतीची पट्टी, आणि टच म्हणजे गुण मिळवून देणारा तलवारीचा स्पर्श.

पॅरिसला २ ऑगस्ट २०२४ रोजी ईपीच्या पुरुष सांघिक अंतिम लढतीत हंगेरीनं जपानला २६-२५ असं हरवलं. सांघिक लढत ४५ टचची असते असं वाचलं होतं. मग २६ वर संपली कशी? (वाचक, नाशिक)

४५ ही वरची मर्यादा आहे, गाठलीच पाहिजे अशी अट नाही. प्रत्येक संघाचे तीन खेळाडू समोरच्या तिघांशी एकेकदा खेळतात, म्हणून फेऱ्या नऊ. प्रत्येक फेरी जास्तीत जास्त ३ मिनिटांची. पहिली फेरी ५ टचपर्यंत, दुसरी १० पर्यंत, तिसरी १५ पर्यंत, असं करत नववी ४५ पर्यंत. हे आकडे संघाच्या एकूण धावत्या गुणसंख्येचे आहेत, एकट्या खेळाडूचे नाहीत. एका संघानं टप्पा गाठला किंवा ३ मिनिटं संपली की फेरी थांबते, पुढची जोडी त्याच गुणसंख्येवरून खेळायला लागते.

ईपीत घाई करणाऱ्याला फटका बसतो, त्यामुळे दोन सावध संघ समोरासमोर आले की बहुतेक फेऱ्या टचवर नाही, घड्याळावर संपतात. नऊ फेऱ्यांची मिळून २७ मिनिटं. त्यात दोन्ही संघ २५ वर होते, म्हणजे फेरीमागे प्रत्येकी तीनसुद्धा टच नाहीत. जपानच्या संघात कोकी कानो होता, ज्यानं त्याच आठवड्यात वैयक्तिक ईपीचं सुवर्ण जिंकलं होतं. तरी आकडा एवढाच.

नवव्या फेरीची वेळ संपताना इथल्यासारखी बरोबरी असेल तर एक मिनिट जादा मिळतं. ते सुरू होण्याआधी चिठ्ठी टाकल्यासारखी निवड होते आणि एका बाजूला ‘प्रायॉरिटी’ मिळते. त्या मिनिटात पहिला टच करणारा संघ जिंकतो. कुणीच टच केला नाही तर प्रायॉरिटी असलेला संघ जिंकतो. त्यामुळे त्या मिनिटात चित्र एकदम बदलतं. ज्याच्याकडे प्रायॉरिटी नाही त्याला पुढे जाऊन हल्ला करावाच लागतो, दुसरा अंतर राखून त्याच्या चुकीची वाट बघतो. चित्रफीत पुन्हा पाहाल तेव्हा त्या मिनिटात तलवारीकडे नको, पायांकडे बघा. कोण अंतर कमी करतोय आणि कोण ते परत वाढवतोय, यावरून पुढचा टच कुठून येणार याचा अंदाज येतो.

हंगेरीचं या प्रकारातलं याआधीचं ऑलिंपिक सुवर्ण १९७२ चं होतं.

आमच्या मुलाच्या क्लबमध्ये सांघिक लढतीसाठी क्रम ठरवताना दरवेळी वाद होतो. ‘सगळ्यात चांगला शेवटी’ एवढंच सगळ्यांना माहीत आहे. नेमकं कसं ठरवावं? (पालक, पुणे)

वाद व्हायलाच हवा. सांघिक लढतीचा अर्धा डाव त्या कागदावरच असतो. एका संघाला १, २, ३ हे क्रमांक मिळतात, दुसऱ्याला ४, ५, ६. कुणाला कुठली बाजू हे चिठ्ठीनं ठरतं, पण आपला कोणता खेळाडू कुठल्या क्रमांकावर हे कर्णधार ठरवतो, आणि तेव्हा समोरच्यांनी काय लिहिलंय हे त्याला माहीत नसतं. नऊ फेऱ्यांचा ठरलेला क्रम असा : ३-६, १-५, २-४, १-६, ३-४, २-५, १-४, २-६, ३-५.

आता हा क्रम खेळाडूच्या बाजूनं वाचा. क्रमांक ३ पहिली, पाचवी आणि नववी फेरी खेळतो. म्हणजे दोन फेऱ्यांमध्ये दरवेळी तीन फेऱ्यांची विश्रांती, पण लढतीची सुरुवातही त्याचीच आणि शेवटही त्याचाच. थंड पायांनी पहिली फेरी खेळू न शकणाऱ्याला तिथं टाकू नका. क्रमांक ५ दुसरी, सहावी आणि नववी खेळतो. शेवट त्याच्याकडेही आहे, पण सुरुवातीचा धक्का नाही. क्रमांक १ च्या वाट्याला दुसरी, चौथी, सातवी. क्रमांक ४ कडे तिसरी, पाचवी, सातवी, म्हणजे एक फेरी सोडून एक. दम कमी असलेल्या खेळाडूची इथं दमछाक होते आणि तिसऱ्या वेळी त्याचं पुढचं पाऊल जड पडायला लागतं. क्रमांक २ तिसरी, सहावी, आठवी खेळतो. क्रमांक ६ पहिली, चौथी, आठवी.

१ आणि ४ यांचं काम सातव्या फेरीत संपतं. त्यामुळे संघातला तुलनेनं कच्चा खेळाडू बहुधा तिथं ठेवतात. त्याच्यानंतर सांभाळून घ्यायला दोन फेऱ्या उरतात. आठवी फेरी मात्र ज्याच्याकडे देताय तो फक्त आक्रमक असून चालत नाही. पुढे असाल तर आघाडी सांभाळायची, मागे असाल तर भरून काढायची, दोन्ही त्याला यायला हवं.

‘सगळ्यात चांगला शेवटी’ हे तुमचं सूत्र अर्धंच खरं आहे. शेवटी असा हवा ज्याला मागून येता येतं. काही खेळाडू आघाडीवर असताना उत्तम, पण ४ टचनं मागे असताना सैरभैर होतात. असा खेळाडू वैयक्तिक क्रमवारीत पहिला असला तरी त्याला ३ वर किंवा ५ वर ठेवताना दोनदा विचार करा.

पॅरिसच्या सेबर अंतिम लढतीत कोरियाचा डो ग्योंग-डोंग अचानक आला, ५-० मारून गेला. राखीव खेळाडू मधूनच असा टाकता येतो? (वाचक, कोल्हापूर)

टाकता येतो, पण मनात आलं की लगेच नाही. ३१ जुलै २०२४ च्या त्या लढतीत सहा फेऱ्यांनंतर कोरिया हंगेरीविरुद्ध ३०-२९ पुढे होता. सातव्या फेरीत गु बोन-गिलच्या जागी डो आला आणि क्रिस्तियान राबविरुद्ध ५-० करून आकडा ३५-२९ वर नेला. शेवटी कोरिया ४५-४१ जिंकला, शेवटची फेरी ओ सांग-उकनं खेळली.

नियम असा की राखीव खेळाडूचं नाव लढतीआधीच दिलेलं असावं लागतं आणि बदल फक्त दोन फेऱ्यांच्या मध्ये होतो. सूचना देण्याची वेळही ठरलेली आहे. ज्याला बदलायचं त्याच्या पुढच्या फेरीच्या आधीची फेरी सुरू होण्यापूर्वी कर्णधारानं रेफरीला सांगायचं, रेफरी ते समोरच्या कर्णधाराला कळवतो. म्हणजे सातव्या फेरीत खेळाडू बदलायचा तर सहावी सुरू होण्याआधी ठरवायला हवं. आपल्याकडच्या संघांची इथंच गोची होते. सहावी फेरी हातातून निसटल्यावर कर्णधार धावत जातो, आणि रेफरी मान हलवतो.

त्या बदलाचं गणितही बघण्यासारखं आहे. सातवी फेरी हीच त्या जागेची शेवटची फेरी, म्हणजे ताज्या पायांच्या खेळाडूला एकदाच खेळायचं होतं, मागचा भार नाही, पुढची चिंता नाही. शिवाय ३०-२९ वर असताना फेरी ३५ ला संपते, म्हणजे कोरियाला पाच टच पुरे होते, तर हंगेरीला आधी ३५ गाठायला सहा लागत होते. सेबरमध्ये वेग एवढा असतो की एकदा लय मिळालेला खेळाडू मधे श्वास घेऊ देत नाही, आणि ५-० सारखं अशक्य वाटणारं काही ३० सेकंदांच्या प्रत्यक्ष खेळातही होऊन जातं.

कोरियाचं सांघिक सेबरमधलं हे ‘सलग तिसरं’ सुवर्ण म्हणतात, पण २०१६ मध्ये ते कुठे होतं? (वाचक, सोलापूर)

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांची सांघिक सेबर नव्हतीच. तेव्हा पदकांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी दर वेळी पुरुषांचा एक आणि महिलांचा एक सांघिक प्रकार आळीपाळीनं वगळत असत. त्यामुळे २०१२, मग टोकियो २०२० (प्रत्यक्षात २०२१), मग २०२४ अशी तीन. लंडन २०१२ मध्ये पुरुषांचा ईपी वगळला होता. टोकियोपासून सगळे बारा प्रकार असतात.

ईपीमध्ये टच दाखवणारे दोघांचेही दिवे एकदम लागले (म्हणजे ‘डबल’) तर दोघांनाही गुण. मग आघाडीवर असलेल्या संघाने नुसते डबलच का खेळू नयेत? (विद्यार्थी, नागपूर)

खेळतातच! आघाडी असताना डबल म्हणजे फुकटचा माल. ४०-३७ असताना पाच डबल झाले की ४५-४२. म्हणून आघाडीवरचा ईपी खेळाडू मागे सरकत हात पुढे ठेवतो आणि प्रतिस्पर्धी आत आला की दोघांचाही टच होईल अशी सोय बघतो. मागे असलेल्याला मात्र डबल परवडत नाही, त्याला एकटा टच हवा. तो मनगट, हात, पाय असे जवळचे लक्ष्य शोधतो, कारण ईपीत अख्खं शरीर लक्ष्य असतं, बुटापासून मास्कपर्यंत.

यंत्र काय करतं ते माहीत असू द्या. पहिला टच नोंदल्यापासून सेकंदाच्या सुमारे १/२५ भागात दुसरा आला तर दोन्ही दिवे लागतात. १/२० भागाहून उशिरा आलेला टच यंत्र घेतच नाही. माणसाच्या डोळ्याला हा फरक दिसत नाही, त्यामुळे ईपीत रेफरीशी ‘मी आधी मारला’ म्हणून भांडण्याला अर्थ नाही.

आणि एक मर्यादा. ४४-४४ असताना डबल मोजत नाहीत, कारण दोघांनाही एकदम जिंकवता येत नाही. दोघं आहेत त्या जागेवरून पुन्हा उभे राहतात. जादा मिनिटातही तसंच. टोकियोत जपाननं उपांत्यपूर्व फेरीत गतविजेत्या फ्रान्सला ४५-४४ असं हरवलं होतं, ती लढत पाहताना हा नियम डोक्यात ठेवा. तिथून पुढे जाऊन जपाननं अंतिम लढतीत रशियन ऑलिंपिक समितीच्या संघाला ४५-३६ हरवलं, जपानचं तलवारबाजीतलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

फॉइल आणि सेबरमध्ये असं चालत नाही. तिथं दोन्ही दिवे लागले तर कुणाचा हल्ला आधी होता हे रेफरी ठरवतो आणि गुण फार तर एकालाच मिळतो. त्यामुळे तिथं आघाडी सांभाळणं म्हणजे नुसतं हात पुढे धरणं नव्हे, पुढाकार राखणं. आमच्या मते तिन्ही प्रकारांत आघाडी सांभाळायला सेबर सर्वांत कठीण. पॅरिसमध्येच फॉइलच्या अंतिम लढतीत जपाननं इटलीला ४५-३६ असं हरवलं, ते बघा आणि ईपीच्या लढतीशी ताडून पाहा. वेगवेगळे खेळ वाटतील.

कोण कुणाशी काय बोलू शकतं? टीव्हीवर प्रशिक्षक ओरडताना दिसतात, तरी रेफरी काही म्हणत नाही. (वाचक, ठाणे)

संघासाठी पिस्टजवळ आखलेली जागा असते. फेरी सुरू असताना बाकीच्यांनी तिथंच थांबायचं. दोन टचच्या मध्ये सल्ला चालतो, खेळ सुरू असताना गोंधळ चालत नाही. रेफरीशी अधिकृत बोलणं कर्णधाराचं. दुसऱ्या खेळाडूनं भर घातली तर पिवळं कार्ड, पुन्हा घातली तर लाल. लाल कार्ड म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एक टच. व्हिडिओ पाहण्याची मागणी चुकली तर ती वाया जाते, बरोबर ठरली तर ती मागणी शिल्लक राहते. म्हणून हुशार खेळाडू सुरुवातीच्या संशयावर ती उधळत नाहीत.

मुलगा छत्रपती संभाजीनगरात ईपी शिकतो. मागच्या सांघिक लढतीत दोनदा त्याची तलवार तपासणीत नापास झाली, संघाला टचही गेला. नेमकं काय तपासतात आणि घरी काय करावं? (पालक, जालना)

ईपीत प्रत्येक फेरीआधी रेफरी टोक तपासतो. तपासण्या तीन, क्रम लक्षात ठेवा.

एक, ७५० ग्रॅमचं वजन. तलवार उभी धरून टोकावर वजन ठेवतात आणि टोक दाबून सोडतात. स्प्रिंगनं ते वजन वर उचललं पाहिजे. नाही उचललं तर मोठी स्प्रिंग दमली आहे किंवा टोकात धूळ-घाम साचून अडकतंय. आधी टोक उघडून साफ करा, मग स्प्रिंग ताणून बघा, तरीही नाही तर बदला. ताणलेली स्प्रिंग फार दिवस टिकत नाही, शेवटच्या लढतीआधी तेवढ्यापुरता उपाय म्हणून ठीक.

दोन, १.५ मिलिमीटरची पट्टी टोक आणि बॅरल (टोक ज्यात बसतं ती नळी) यांच्या फटीत जायला हवी. गेली नाही तर टोकाचा प्रवास कमी पडतोय. टोकाच्या बाजूचे दोन छोटे स्क्रू पूर्ण बसलेत का, टोक वाकडं आहे का हे पाहा.

तीन, ०.५ मिलिमीटरची पट्टी आत घालून टोक दाबायचं. दिवा लागता कामा नये. लागला तर आतली छोटी संपर्क-स्प्रिंग लांब आहे आणि टोक पुरेसं दाबलं जाण्याआधीच जोड होतोय. अशा तलवारीनं हलकासा स्पर्शही नोंदला जाऊ शकतो, म्हणून रेफरी इथं अजिबात सूट देत नाहीत. ही छोटी स्प्रिंग फिरवून आत घालता येते. अर्धा वळसा फिरवा, पुन्हा तपासा. एकदम खूप फिरवली तर उलट दिवाच लागेनासा होतो.

मुलाला सांगा की प्रत्येक फेरीआधी आपल्या तलवारींची तीच तपासणी स्वतः करायची. वजन आणि दोन पट्ट्या हे संच फार महाग नाहीत, संघाच्या पेटीत एक असलाच पाहिजे. पिस्टवर येताना दोन चालू तलवारी आणि दोन चालू बॉडी वायर (तलवार यंत्राला जोडणारी, कपड्यांतून जाणारी तार) हव्यात. वायरींत बिघाड बहुधा प्लगच्या तोंडाशी होतो, तिथं घाम जातो आणि तांब्याची तार आतून तुटते. दिवा कधी लागतो कधी नाही अशी तक्रार असेल तर तलवार सोडून आधी वायर बदला.

संघातल्या तिघांनी मिळून कमीत कमी दोन जादा तलवारी ठेवाव्यात. एकाची तलवार सातव्या फेरीत नापास झाली तर समोरचा संघ थांबत नाही, आणि पहिल्यांदा मिळणारं पिवळं कार्ड दुसऱ्यांदा लाल होतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत दोनदा नापास म्हणून टच गेला, तो असाच.

दोन्ही बाजू नुसत्या नाचत राहिल्या तर? (वाचक, रत्नागिरी)

एक मिनिट कुणीच टच केला नाही तर रेफरी थांबवतो आणि ‘पी’ कार्डं देतो : आधी पिवळं, पुढे लाल, शेवटी काळं. लाल कार्डाचा अर्थ समोरच्याच्या खात्यात गुण. याचे तपशील वरचेवर बदलतात, तेव्हा स्पर्धेआधी रेफरीनं चालू नियमपुस्तकच हातात ठेवावं.

आमच्या महाविद्यालयात पुरुषांची सांघिक ईपी स्पर्धा घ्यायची आहे, आठ संघ. एका लढतीला किती वेळ धरावा आणि लिहिणाऱ्यानं काय काय करावं? (क्रीडा शिक्षक, सातारा)

खेळाची शुद्ध वेळ २७ मिनिटांपर्यंत जाते. थांबे, तपासणी, अदलाबदल धरून ईपीच्या लढतीला ४५ ते ६० मिनिटं राखून ठेवा. आठ संघ म्हणजे बाद पद्धतीनं सात लढती, तिसऱ्या स्थानासह आठ. दोन पिस्ट असतील तर एका दिवसात आरामात होतं, एकच असेल तर नाही. पिस्ट १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद, दोन्ही टोकांना धावण्याची मोकळी जागा सोडून. मध्यरेषेपासून दोन मीटरवर तयार उभं राहण्याच्या रेषा. ईपीत पिस्ट धातूची नसेल तर जमिनीला लागलेलं टोकसुद्धा दिवा लावतं आणि प्रत्येक वेळी वाद होतो.

लिहिणाऱ्याच्या कागदावर नऊ ओळी, प्रत्येक ओळीत दोन नावं आणि फेरीअखेरची एकूण संख्या. सर्वांत जास्त होणारी चूक इथंच आहे : काही जण त्या फेरीतले टच लिहितात, एकूण नाही, आणि सहाव्या फेरीत कुणालाच कळत नाही की आकडा १९-१७ की २४-२२. फक्त एकूण लिहा. फेरीतले टच हवेच असतील तर बाजूला कंसात. रिकाम्या ओळींवर आधीच १५, २०, २५ असे टप्पे छापून ठेवा, म्हणजे फेरी कुठे संपणार हे दुरून दिसतं.

दुसरं, लिहिणाऱ्यानं चालू फेरीची जोडी आणि पुढची जोडी दोन्ही मोठ्यानं पुकारायच्या. पुढच्या दोघांनी वायर लावून पिस्टच्या टोकाला उभं राहायचं, म्हणजे अदलाबदलीत वेळ जात नाही. संघाचा क्रम आणि राखीवाचं नाव लढत सुरू होण्याआधी कागदावर घ्या, खाली कर्णधाराची सही घ्या. तोंडी घेतलेला क्रम नंतर कुणालाच आठवत नाही.

सेबर घेणार असाल तर वेळेचा अंदाज कमी करा, तिथं फेऱ्या घड्याळावर क्वचितच संपतात.

भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकला कधी दिसेल? तिथं पोहोचायला काय लागतं? (वाचक, पणजी)

सांघिक प्रकारात जागा फार कमी असतात, बहुधा आठ. जागतिक सांघिक क्रमवारीतले पहिले चार संघ थेट, आणि मग आफ्रिका, अमेरिका, आशिया-ओशनिया, युरोप अशा चार विभागांतून पाचव्या ते सोळाव्या क्रमांकांमधला सर्वांत वरचा एकेक. त्यामुळे आशियात जपान, कोरिया, चीन अशा संघांशी झुंजून, वर जागतिक क्रमवारीत सोळाच्या आत राहावं लागतं. आतापर्यंत भारताकडून ऑलिंपिकला पोहोचलेली पहिली तलवारबाज भवानी देवी, टोकियोत महिलांच्या सेबरमध्ये, आणि ती वैयक्तिक जागेवर. पुरुष संघासाठी आधी विश्वचषक मालिकेत वर्षभर संघ पाठवत राहणं आवश्यक आहे, कारण क्रमवारीचे गुण तिथं मिळतात. एकाच प्रकारात, समजा सेबरमध्ये, तेच चार खेळाडू घेऊन तीन-चार मोसम खेळले तर आकडा हलू शकतो. तिन्ही प्रकारांत थोडे-थोडे पैसे वाटत राहिलो तर हलणार नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.